हद्दीवर हद्द, रंगावर रंग

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांचा एक कोरा नकाशा संगणकाच्या पडद्यावर घ्या. जंगल हिरवं भरा. वर्धा खोऱ्यातले कोळशाचे पट्टे राखाडी करा. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचा गाभा पिवळा. गळ्यात रेडिओ कॉलर असलेल्या एखाद्या वाघिणीच्या वावराचं क्षेत्र नारिंगी. आणि ग्रामसभांच्या ताब्यातली सामूहिक वनहक्काची जंगलं निळी. झाले पाच रंग. आता नकाशाकडे नीट बघा. हिरव्यावर राखाडी चढून कुठे काळपट हिरवा झालाय, नारिंगीखालून पिवळा डोकावतोय, एका कोपऱ्यात तर तीन रंग एकात एक मिसळलेत. तुम्ही भरले पाच, दिसतायत पंधरा-वीस. बाकीचे कुणी भरले?

हिशोब करून बघू. पाच आकार एकमेकांत हव्या त्या तऱ्हेनं गुंतले, तर त्यांतून ३१ प्रकारचे तुकडे निघू शकतात. दहा आकार घेतले तर १,०२३! जॉन व्हेन यांनी १८८० साली संचांची वर्तुळं काढली, ती आपण शाळेत शिकलो. पण त्या वर्तुळांची गंमत तिसऱ्यापाशीच संपते. चार वर्तुळं कशीही मांडा, कागदाचे जास्तीत जास्त १४ भाग पडतात आणि आपल्याला हवे असतात बाहेरचा धरून १६. दोन तुकडे कायमचे हरवतात. चार संच दाखवायचे तर व्हेन यांनाही वर्तुळ सोडून लंबवर्तुळाकडे वळावं लागलं.

आणि या दोन जिल्ह्यांत तर सगळं महत्त्वाचं घडतं ते या मधल्या तुकड्यांतच. कोळसा जंगलाखाली आहे. वाघ राखीव क्षेत्राची रेघ ओलांडून ब्रह्मपुरीच्या शेतांपर्यंत येतो. ज्या जंगलात वाघीण पिल्लं वाढवते, तिथंच माणसं मोहफुलं वेचतात, तेंदूपत्ता तोडतात, सरपण आणतात. एकेका आकाराबद्दल इथं फारसं भांडण नसतंच. भांडण असतं ते एका आकारावर दुसरा आकार जिथं चढतो, त्या जागेबद्दल. म्हणून ती जागा रंगवायला शिकणं हे मला नुसतं चित्रकलेचं काम वाटत नाही.

तर मग संगणक ती जागा शोधतो कशी? पहिलं आश्चर्य इथंच आहे. संगणकाला ‘जागा’ ही गोष्ट ठाऊकच नाही. त्याच्याकडे असते फक्त बिंदूंची यादी. पहिला बिंदू, दुसरा, तिसरा, आणि शेवटी परत पहिला. बस्स. गडचिरोलीतल्या गावांनी वनहक्काचे दावे तयार करताना हेच तर केलं. वनहक्क कायदा आला २००६ साली. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. देशात असा हक्क सगळ्यात आधी मिळालेल्या गावांत ते होतं. पुढे जिल्ह्यातल्या शेकडो गावांनी तीच वाट धरली. गावातली जाणती माणसं पुढे चालतात, हा नाला, तो मोठा दगड, ते देवाचं झाड असं करत पारंपरिक सीमेवरून फिरतात आणि जीपीएस यंत्र एकेक बिंदू टिपत जातं. फेरी सुरू झाली तिथं परत आली की आकार पूर्ण. आतलं जंगल कुणी मोजलेलं नसतं, फक्त कडेनं चाललेलं असतं. तरी आतलं सगळं क्षेत्रफळ त्या यादीतून अचूक काढता येतं.

पण आत म्हणजे नेमकं कुठे? नकाशावरच्या कुठल्याही ठिपक्याबद्दल संगणकानं कसं ठरवायचं की हा सीमेच्या आतला की बाहेरचा? युक्ती इतकी सोपी आहे की पहिल्यांदा ऐकताना विश्वास बसत नाही. त्या ठिपक्यापासून कुठल्याही एका दिशेला नाकासमोर चालत सुटायचं आणि सीमारेषा किती वेळा ओलांडली ते मोजायचं. आकडा विषम आला तर तुम्ही आत होतात, सम आला तर बाहेर. संपलं! सीमा कितीही वेडीवाकडी असो, इंद्रावतीच्या काठासारखी वळणं घेत जावो, नियम तोच. बंद रेघ स्वतःला न छेदता फिरली तर तिचे आत आणि बाहेर असे दोनच भाग पडतात, ही साधी वाटणारी गोष्ट सिद्ध करायला कामीय जॉर्दां या फ्रेंच गणितज्ञाला लांबलचक सिद्धता लिहावी लागली होती, १८८७ साली.

या नियमाची खरी मजा जंगलातल्या गावठाणापाशी येते. चारही बाजूंनी राखीव वन आणि मधे गाव, असं चित्र इथं ठिकठिकाणी आहे. गावातून चालायला लागा. आधी गावाची कड ओलांडाल, मग जंगलाची बाहेरची कड. झाले दोन. सम. म्हणजे गाव जंगलाच्या ‘बाहेर’. नकाशातल्या भोकासाठी वेगळा नियम करावाच लागला नाही!

आता हाच नियम घेऊन एकमेकांवर चढलेले दोन आकार एका झटक्यात रंगवायला जा. दोन्हींच्या मधल्या तुकड्यातून चालायला लागलं की दोन सीमा ओलांडाव्या लागतात. सम संख्या. म्हणजे बाहेर! दोन्हीकडे रंग भरतो आणि जो भाग आपल्याला हवा, नेमका तोच कोरा राहतो. यावर दुसरा एक नियम आहे, तो आणखी हुशार. सीमा ओलांडताना ती कुठल्या दिशेनं आखलेली आहे हेही बघायचं. डावीकडून उजवीकडे असेल तर एक मिळवायचा, उलट असेल तर एक वजा करायचा. दोन्ही फेऱ्या एकाच दिशेनं घातलेल्या असतील, तर मधल्या तुकड्याचं उत्तर येतं २ किंवा उणे २. म्हणजे या ठिपक्यावर किती थर आहेत हेसुद्धा रेघ ओलांडता ओलांडताच कळलं.

तरी अजून तो तुकडा स्वतंत्र आकार म्हणून हाती आलेला नाही. त्याचं क्षेत्रफळ हवं असेल, त्याला नाव द्यायचं असेल, तर त्याची स्वतःची बिंदूंची यादी लागते, आणि ती कुणाकडेच नाही. मग पुन्हा चालायचं. पहिल्या आकाराच्या कडेनं निघायचं, दुसऱ्याची कड आडवी आली की तिच्यावर वळायचं, पुन्हा पहिली आडवी आली की परत पहिलीवर. दर छेदापाशी आतल्या अंगाला नेणारी कड धरायची. फिरून मूळ जागी आलात की मधल्या तुकड्याची सीमा तयार. या नव्या सीमेचे कोपरे बघा. ज्या बिंदूवर दोन गावांच्या हद्दी एकमेकींना कापतात, त्या बिंदूची नोंद या गावाच्याही यंत्रात नाही आणि त्या गावाच्याही नाही. तो दोन फेऱ्या एकत्र आल्यावरच जन्माला येतो.

ऐकायला सोपं, करायला महाकठीण. दोन कडा काही अंतर एकमेकींवरूनच गेल्या तर? कोपऱ्यावर कोपरा बसला तर? आकाराला भोकं असली तर? साध्या, फुगीर खिडकीत आकार कापायची रीत सदरलँड आणि हॉजमन यांनी १९७४ साली दिली. पण भोकं असलेले, स्वतःलाच छेदणारे, कसलेही आकार चालतील अशी रीत यायला १९९२ उजाडलं. ती बाला वत्ती यांची. एक आडवी रेघ खालून वर सरकवत न्यायची आणि प्रत्येक पातळीवर कुठली कड सुरू झाली, कुठली संपली, कुठली कुणाला कापून गेली याची नोंद ठेवत जायची. रेघ माथ्यावर पोचेपर्यंत छेदाचा आकार तयार होतो. आज संख्याशास्त्राची माणसं ‘आर’ नावाच्या भाषेत एका ओळीत दोन आकारांचा छेद मागतात, तेव्हा पडद्यामागे याच घराण्यातल्या रीती राबत असतात.

इथं कायद्याचं मला विशेष कौतुक वाटतं. एकाच जंगलावर दोन गावांचा वावर निघाला तर काय करायचं, हे वनहक्काच्या २००८ च्या नियमांत लिहून ठेवलंय. दोन्ही गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसायचं, कोण त्या जंगलाचा कसा उपयोग करतं ते बघायचं आणि निष्कर्ष लेखी आपापल्या ग्रामसभेपुढे ठेवायचे. नकाशावर दोन रंग चढलेला तुकडा म्हणजे चूकच असली पाहिजे, असं इथं धरलेलं नाही. निस्तारासाठी, म्हणजे रोजच्या घरगुती गरजांसाठी, पिढ्यान्‌पिढ्या सामाईक वापरलेलं जंगल दुरंगीच असणार.

आता रंगाकडे वळू, कारण तिथं आणखी एक नवल दडलंय. छेदाची सीमा न काढताही तो दाखवायची एक झटपट युक्ती आहे, ती म्हणजे अर्धपारदर्शक रंग. समजा, प्रत्येक रंग पन्नास टक्के झाकतो. एकावर एक दोन थर दिले तर किती झाकलं जाईल? शंभर टक्के? नाही. पहिल्या थरानं निम्मा कागद झाकला, दुसऱ्यानं उरलेल्या निम्म्याचा निम्मा. एकूण पंचाहत्तर. तिसरा थर दिला की साडेसत्त्याऐंशी. थरांवर थर चढवत जा, शंभर कधीच येत नाही! त्यामुळे डोळ्याला छटेवरूनच कळतं की इथं दोन थर आहेत, तिथं तीन. पण सावध राहा. निळ्यावर नारिंगी चढवलात तर मधल्या तुकड्यात नारिंगी निम्मा दिसतो, निळा फक्त पाव आणि पाव कागद. क्रम उलटा केला तर निळा निम्मा. माहिती तीच, आकार तेच, फक्त आधी काय रंगवलं यावरून छेद वाघाचा वाटतो किंवा गावाचा. नकाशा वाचणाऱ्याला हे कुणी सांगत नाही. सांगायला हवं.

या थरांचं बीजगणित थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ साली मांडलं. दोघेही लुकासफिल्मच्या संगणक विभागातले, म्हणजे सिनेमासाठी चित्रावर चित्र बसवणारे. ‘वरचं ठेव’, ‘फक्त छेद ठेव’, ‘छेद सोडून बाकी ठेव’ असे मोजके नियम त्यांनी दिले. ‘आर’ भाषेच्या चित्रयंत्रणेत हे नियम आले २०२२ च्या ४.२ आवृत्तीत, ऑकलंड विद्यापीठाच्या पॉल मरेल यांच्या कामातून. त्याच्या आदल्या वर्षी, ४.१ आवृत्तीत, एका आकारानं दुसऱ्याला मुखवट्यासारखं झाकायची सोय आली होती. सिनेमाच्या पडद्यावरचं गणित अडतीस वर्षांनी वाघांच्या आलेखापर्यंत पोचलं.

पण छेद नुसता रंगवून भागत नाही, कधीकधी त्यावर निर्णय टेकवावा लागतो. जयराम रमेश केंद्रात पर्यावरणमंत्री असताना तसा एक मोठा प्रयोग झाला. देशातल्या नऊ कोळसाक्षेत्रांचे नकाशे जंगलाच्या नकाशांवर ठेवले गेले. त्यांत आपलं वर्धा खोरंही होतं. प्रत्येक कोळसा-पट्ट्याचा जंगलाशी छेद काढायचा आणि ठरवायचं की इथं खाणीला वाट मोकळी की बंद. आता प्रश्न असा पडतो की सगळं जंगल सारखं धरायचं का? विरळ झाडांचा माळ आणि सूर्य न दिसणारं रान यांत फरक नाही का? म्हणून त्यांनी छेदाला वजन दिलं. भारतीय वन सर्वेक्षण जंगलाचे तीन वर्ग करतं. झाडांच्या माथ्यांनी ७० टक्क्यांहून जास्त जमीन झाकली ते अतिघन, ४० ते ७० मध्यम, १० ते ४० विरळ. प्रत्येक वर्गाचा मध्य घ्या, म्हणजे ०.८५, ०.५५ आणि ०.२५. हीच वजनं. साधं क्षेत्र ३० टक्क्यांहून जास्त किंवा वजनी क्षेत्र १० टक्क्यांहून जास्त भरलं, तर खाणीला मनाई.

हे किती सुंदर चालतं ते बघा. १०० हेक्टरच्या एका पट्ट्यात २८ हेक्टर विरळ जंगल आहे. साधं क्षेत्र तिसाच्या आत, वजनी क्षेत्र २८ गुणिले ०.२५ म्हणजे ७. दोन्ही कसोट्यांवर वाट मोकळी. शेजारच्या १०० हेक्टरच्या पट्ट्यात फक्त २० हेक्टर जंगल, पण अतिघन. साधं क्षेत्र आणखीच कमी, पण वजनी क्षेत्र १७. वाट बंद! कमी जंगल असलेला पट्टा वाचला, कारण तिथलं जंगल दाट होतं. आणि ही वजनं म्हणजे प्रत्यक्षात आपल्या अर्धपारदर्शक रंगांसारखीच आहेत, म्हणजे जमीन किती झाकली याचा अंश. पुढे या वर्गवारीवरून सरकारमध्येच मोठा वाद झाला आणि ती त्या रूपात टिकली नाही. पण छेद मोजून, वजन लावून, उघड नियमानं निर्णय घ्यायची ही रीत मला आजही अतिशय मोलाची वाटते.

आतापर्यंतच्या सगळ्या आकारांना निदान कड तरी होती. वाघाचं काय? तो काही सीमेवर खांब रोवत नाही. कॉलरकडून येतात ते सुटे ठिपके. अमुक वाजता इथं, तमुक वाजता तिथं. त्यातून आकार कसा काढायचा? प्रत्येक ठिपक्यावर एक मूठ धान ओता. जिथं ठिपके दाट तिथं मुठीवर मूठ पडून उंच रास होईल, जिथं एखाददुसरा तिथं चिमूटभर टेकडी. आता त्या सगळ्या राशीला वरून पाहा. ज्या भागात ९५ टक्के धान मावतं, ती झाली वाघाच्या वावराची हद्द. ज्या उंच भागात ५० टक्के, तो त्याचा गाभा. मरे रोझेनब्लाट यांनी १९५६ मध्ये आणि इमॅन्युएल पार्झेन यांनी १९६२ मध्ये मांडलेली ही रीत आज जगभर प्राण्यांच्या वावराला लावतात.

नर वाघाची हद्द सहसा दोन-तीन वाघिणींच्या हद्दींवर पसरलेली असते. नकाशावर भरपूर छेद दिसतो. पण दोन हद्दी चाळीस टक्के एकमेकांवर असल्या, तरी शक्य आहे की त्या चाळीस टक्क्यांत दोघंही वर्षातून एखाददा फिरकत असतील. मग नुसतं क्षेत्रफळ मोजून काय उपयोग? मोजायला हवा तो वावर. आणि त्याचं उत्तर आलं कोलकात्याहून! अनिलकुमार भट्टाचार्य या संख्याशास्त्रज्ञानं १९४३ साली कलकत्ता मॅथेमॅटिकल सोसायटीच्या बुलेटिनमध्ये दोन वितरणं किती जुळतात याचं एक माप दिलं. जंगलाचे छोटे चौकोन पाडा. एका चौकोनात पहिल्या वाघाच्या एकूण वावराचा ०.०४ हिस्सा आहे, दुसऱ्याच्या ०.०९. दोन्हींचा गुणाकार करा, वर्गमूळ घ्या. उत्तर ०.०६. प्रत्येक चौकोनाचं असं उत्तर काढून बेरीज करा. दोघांचा वावर तंतोतंत सारखा असेल तर बेरीज बरोबर १ येते. एखाद्या चौकोनात एकजण जातच नसेल, तर गुणाकार शून्य, त्या चौकोनाचं योगदान शून्य. भट्टाचार्य वाघांबद्दल लिहीत नव्हते. तरी फीबर्ग आणि कोचनी यांनी २००५ साली वावराचे छेद मोजायच्या निरनिराळ्या मापांची तुलना केली, तेव्हा दोन वावर किती सारखे आहेत हे सांगायला भट्टाचार्यांचं माप चांगलं ठरलं.

एवढं करूनही एक छेद उरतोच, आणि चंद्रपूरला तो सगळ्यात जिव्हाळ्याचा आहे. वेळेचा. वाघ आणि माणूस एकाच वाटेनं जातील, पण तो रात्री दोनला आणि माणूस दुपारी बाराला, तर गाठ पडणार नाही. जंगलात लावलेला कॅमेरा ट्रॅप प्रत्येक फोटोवर वेळ छापतो. वाघाच्या फोटोंच्या वेळा घ्या, माणसांच्या फोटोंच्या वेळा घ्या, दोन्हींवर तशाच राशी रचा. चोवीस तासांवर दोन वक्र तयार होतील. इथं एक खोच आहे. रात्रीचे ११.५० आणि १२.१० हे सरळ पट्टीवर दोन टोकांना पडतात, खरं अंतर मात्र फक्त वीस मिनिटं. म्हणून पट्टी वाकवून तिचं वर्तुळ करावं लागतं, मग राशी रचायच्या.

मार्टिन राइडआउट आणि मॅथ्यू लिंकी यांनी २००९ साली सुमात्राच्या जंगलातल्या कॅमेऱ्यांवरून ही रीत बसवली. दोन वक्रांचा छेद कसा काढायचा? प्रत्येक क्षणाला दोन्हींपैकी जो खाली असेल तो घ्यायचा. त्या खालच्या वक्राखालचा भाग म्हणजे छेद. रंग भरताना संगणकाला पुन्हा तीच फेरी घालायला सांगायचं. खालच्या वक्रावरून मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंत जा आणि तळाच्या रेषेवरून उलटं परत ये. फेरी पूर्ण झाली की आतला भाग राखाडी होतो. आणि आता शेवटचं नवल. प्रत्येक वक्राखालचं एकूण क्षेत्रफळ मुद्दाम १ ठेवलेलं असतं. त्यामुळे त्या राखाडी तुकड्याचं क्षेत्रफळ हेच उत्तर. ०.६ आलं तर दिनक्रम साठ टक्के जुळतात. जे डोळ्याला दिसतं तोच आकडा!

आता मार्च-एप्रिलमधली मोहाची झाडं आठवा. फुलं रात्री आणि पहाटे गळतात. माणसं उजाडायच्या आधी टोपल्या घेऊन निघतात, कारण उशीर झाला तर ढोरं आणि हरणं फुलं खाऊन जातात. वाघाचीही फिरायची वेळ तीच. वर्षभराच्या सरासरीनं काढलेला एकच वक्र या दोन महिन्यांचा माणसाचा वक्र लपवून टाकतो. म्हणून मोहाच्या हंगामाचा आलेख वेगळा काढायला हवा, तेंदूच्या हंगामाचा वेगळा, पावसाळ्यातल्या धानरोवणीचा वेगळा, आणि प्रत्येकात राखाडी तुकडा कुठल्या तासांवर येतो ते गावाच्या भिंतीवर दिसेल असं रंगवायला हवं. माणसांचा वक्र तासभर उजवीकडे सरकवून बघता येतो, म्हणजे सगळे उजाडल्यावर निघाले तर काय होईल ते. राखाडी तुकडा लगेच बारीक होतो, किती बारीक होतो तेही कळतं, आणि त्या तासाभरात किती फुलं हातची जातील हा हिशोब गावाला कुणाहीपेक्षा जास्त पक्का ठाऊक असतो.